वाघ बघायला निघालात, तर आधी माळ बघा

डिसेंबर २०२४मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून पट्टेरी वाघ चालत गेला आणि पुढचे कित्येक दिवस धाराशिव जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तीन वर्षांचा हा नर सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर तोडून इथवर आला होता. वाटेत शेतं, नद्या, रेल्वेचे रूळ, उसाचे फड आणि हमरस्ते. लोकांनी त्याचं नाव अभयारण्यावरूनच ठेवलं, ‘रामलिंग’. वन विभागानं त्याला बेशुद्ध करून पकडायचं आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडायचं ठरवलं. ताडोबाहून खास पथक आलं. वाघ या सगळ्यांना हुलकावण्या देत बार्शी आणि धाराशिवच्या शिवारात फिरत राहिला.

बेंबळीच्या पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीत त्या दिवसांत वाघाचीच चर्चा. ज्यांची जनावरं रानात बांधलेली होती त्यांच्या मनात धास्ती होती, ती खरीच होती. पण धास्तीच्या जोडीला एक अभिमानही होता. आपल्याकडे वाघ आला, म्हणजे आपलं रानही काहीतरी आहे, असा. माझं मन मात्र तेव्हापासून एका गोष्टीवर अडलेलं आहे. आपल्या रानाला मोल यायला वाघ यावा लागतो का? कारण ज्या शिवारातून तो वाघ गेला, त्याच शिवारात पृथ्वीवरच्या सगळ्यात देखण्या प्राण्यांपैकी एक पिढ्यान्‌पिढ्या चरतो आहे. त्याला बघायला कुणी तिकीट काढत नाही.

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव, बालाघाटाच्या पठारी मुलखातलं. खरिपाला सोयाबीन, तूर, उडीद. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. काळ्या रानाच्या मधे मधे बरड, मुरमाड माळ. त्यावर कुसळीचं गवत, तरवडाची झुडपं, एखादी बोर, एखादा हिवर. जंगल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे साग-बांबूची दाटी उभी राहते आणि तशी दाटी इथं नाही, म्हणून इथं जंगल नाही, असं आपण धरून चालतो. सरकारी कागदांनीही तेच केलं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळांची गणना पडीकात झाली. गायरानं आक्रसली, चांगल्या गवतात खड्डे खणून झाडं लावली गेली आणि त्याला वनीकरण म्हटलं गेलं. पण दख्खनचं वन्यजीवन मुळात झाडांचं नाही, गवताचं आहे. इथल्या प्राण्यांची अंगकाठी, रंग, वेग, नजर हे सगळं मोकळ्या जागेनं घडवलेलं आहे. सफारीला जायचंच असेल तर हे मनात ठेवून जावं, म्हणजे दिसतं.

काळवीट आधी. सोयाबीनची काढणी उरकलेली असते, हरभरा बोटभर वर आलेला असतो आणि माळावरचं गवत पिकून पिवळं पडलेलं असतं, तेव्हा, म्हणजे दिवाळीपासून पुढे थंडीभर, भल्या सकाळी माळाच्या कडेला जाऊन बसावं. कळप लांबून दिसतो तो आधी मातकट ठिपक्यांसारखा. त्या माद्या आणि पाडसं. त्यांचा रंग वाळल्या गवताशी इतका जुळतो की एखादी मान वर होईपर्यंत कळत नाही. मग थोडा अलग, कळपापासून बाजूला, नर उभा असतो. पाठ काळीभोर, उन्हाच्या तिरिपीत किंचित तपकिरी झाक मारणारी. पोट, पायांची आतली बाजू आणि हनुवटी पांढरीशुभ्र. डोळ्यांभोवती पांढरी कडी. शिंगं मळसूत्रासारखी पिळत वर गेलेली, तीनपासून पाचपर्यंत वेढे, मोठ्या नराची दोन फुटांच्याही पुढे. काळा आणि पांढरा हे दोन रंग इतक्या स्वच्छ रेषेनं एकमेकांना भिडलेले दुसऱ्या कुठल्या आपल्या प्राण्यात दिसत नाहीत.

हा काळा रंग जन्मतः नसतो. नर पाडस आईसारखंच फिकं असतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला अंग गडद व्हायला लागतं आणि वय वाढेल तसं काळं पडत जातं. म्हणजे कळपातल्या नरांचे रंग पाहून त्यांच्या वयाचा अंदाज बांधता येतो. फिकट तांबूस, मग गडद तपकिरी, मग काळा. विणीचा हंगाम ओसरला, उन्हाळा आला की हाच काळा पुष्कळदा फिका होतो. तेव्हा उन्हाळ्यात काळवीट पाहून ‘फोटोत असतो तसा नाही’ असं म्हणत परत येऊ नये. थंडीत पुन्हा जावं.

नर उभा असतो तो उगाच नाही. ती त्याची जागा असते. माळाचा एक तुकडा तो आपला मानतो, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून ढीग करतो, आणि डोळ्याखालच्या ग्रंथीचा वास गवताच्या टोकांना लावून ठेवतो. दुर्बिणीतून हे पाहण्यासारखं असतं. डोळ्यापुढची ती काळी फट उघडते, तो मान तिरकी करून एखाद्या काडीच्या अगदी टोकाला ती हलकेच टेकवतो, नाजूकपणे, काडी मोडू न देता. मादी जवळून जायला लागली की नाक आभाळाकडे, कान खाली, शिंगं मागं टेकून जवळजवळ पाठीवर, शेपटी वर वळवलेली, अशा ताठ्यात तो तिच्याभोवती पावलं टाकतो. दुसरा काळा नर हद्दीशी आला तर दोघं आधी समांतर चालतात, एकमेकांकडे न बघितल्यासारखं करत. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं. नाही निभावलं तर शिंगांत शिंगं अडकतात आणि त्यांचा खडखडाट बराच लांबवर ऐकू येतो.

मग काहीतरी होतं. कुत्रं येतं, मोटारसायकल येते, आणि कळप उधळतो. पहिली मादी सरळ वर उडी घेते, चारही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले. मागोमाग दुसरी, तिसरी. काही उड्या अशा झाल्या की सगळा कळप धावू लागतो. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या प्राण्यानं पळायचं सोडून आधी उड्या का माराव्यात? एक समजूत अशी आहे की आपण तंदुरुस्त आहोत, आपल्यामागं लागण्यात अर्थ नाही, हे शिकाऱ्याला दाखवायची ती रीत आहे. दुसरी अशी की उंच गवतात बाकीच्यांना इशारा जातो. दोन्ही खरं असू शकेल.

या वेगामागं एक हरवलेला प्राणी आहे. आपल्या माळांवर एके काळी चित्ता होता आणि काळवीट हे त्याचं मुख्य भक्ष्य. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करायची रीत विसाव्या शतकातही चालू होती. त्यांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या लोकांना चित्तेवान म्हणत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२मध्ये जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले, पण दख्खनच्या माळावर आज काळविटामागं धावणारा चित्ता नाही. तरी त्याचे पाय अजून त्याच शर्यतीसाठी घडलेले आहेत. बेंबळीच्या शिवारात कळप उधळताना दिसतो तेव्हा त्या पळण्यात चित्ताही असतो, असं मला वाटतं.

जगात इतरत्र या प्राण्याचं काय मोल आहे ते पाहा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९३०च्या दशकात काळविटं नेऊन सोडली आणि तिथल्या कुरणांवर आज त्यांचे मोठाले कळप आहेत. अर्जेंटिनातही ती नेली गेली. मूळची मात्र ती भारतीय उपखंडाचीच. गुजरातमध्ये भावनगरजवळचं वेळावदर हे काळविटांसाठी १९७६मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. चौतीसएक चौरस किलोमीटरचं गवत, आणि ते बघायला परदेशातून माणसं येतात. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य १९८०पासून आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत कळप मावत नाहीत. ते भोवतालच्या शेतांत राहतात, चरतात, वितात.

आणि इथंच खरा पेच आहे. ज्याचा हरभरा रात्रीत खुडला जातो त्याला काळविटाच्या पाठीवरचा काळा रंग दाखवून काय उपयोग? कोवळ्या पिकात कळप शिरला की खाण्यापेक्षा तुडवण्यानं जास्त नुकसान होतं. धाराशिवसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात, जिथं एका पावसाच्या ओढीवर वर्षाचं गणित उलटतं, तिथं हे नुकसान झेपणारं नसतं. शासन हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई देतं, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, पुन्हा हेलपाटे. थंडीच्या रात्री माळ्यावर बसून राखण करणाऱ्या माणसाला निसर्गप्रेमाचे धडे शहरातून देऊ नयेत. तरीही मी पाहिलं आहे ते हे, की याच माणसांनी काढणीच्या वेळी सोयाबीनमध्ये बसलेलं पाडस पाहिलं तर विळा थांबवला आहे आणि ती सरी सोडून पुढे गेली आहेत. ते योग्यच आहे. पाडस एकटं सापडलं म्हणजे पोरकं झालं असं नव्हे. आई त्याला गवतात, पिकात लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. उचलून घरी आणलेलं पाडस बहुधा जगत नाही. शिवाय काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

काळवीट दिसलं की माळावरच्या दुसऱ्या देखण्याकडे वळावं, जो सहसा दिसत नाही. लांडगा. चित्रातल्या बर्फाळ देशांतल्या लांडग्यासारखा हा केसाळ नसतो. भारतीय लांडगा सडपातळ, लांब पायांचा, अंगानं वाळल्या गवताच्या रंगाचा, आणि डोळे पिवळट मधाळ. देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानतात, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघाची गणती होते, पेपरात येते. लांडग्याची बातमी मेंढरू नेलं की येते. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी लांडग्यांचा अभ्यास केला. काळवीट आणि पाळीव जनावरं दोन्हींवर ते जगतात, हे तिथं नीट नोंदलं गेलं. मेंढपाळ धनगरांचं लांडग्याशी नातं गुंतागुंतीचं आहे. कळप राखायला कुत्री, रात्रभर जाग, आणि नुकसान झालं की शिव्याशाप. पण एखादं कोकरू हा लांडग्याचा वाटा, असं मानणारे धनगरही आहेत.

खोकड त्या मानानं सहज भेटतं. मांजरापेक्षा थोडं मोठं, राखी अंगाचं, झुपकेदार शेपटीचं. त्या शेपटीचं टोक काळं असतं, ती त्याची खूण. माळावर उघड्यावर त्याचं बीळ असतं, एका बिळाला अनेक तोंडं. संध्याकाळी ते तोंडाशी येऊन बसतं आणि टोळ, उंदीर, वाळवी, बोरं, जे मिळेल त्यावर गुजराण करतं. पिकातल्या उंदरांचा हा फुकटचा बंदोबस्त आहे. तरसाला कुणी देखणं म्हणत नाही. मी म्हणतो. मानेवरची उभी आयाळ, अंगावरचे काळे पट्टे, उतरती पाठ. चांदण्या रात्री ते रस्ता ओलांडून गेलं तर ते बराच वेळ विसरता येत नाही. मेलेली ढोरं फस्त करून ते रान स्वच्छ ठेवतं, आणि तरीही लोक त्याला पाहिलं की दगड उचलतात.

मेलेल्या ढोरांवरून गिधाडं आठवतात. येडशीच्या रामलिंगच्या देवळाशी जटायूची कथा जोडलेली आहे. सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू इथंच झुंजला आणि इथंच पडला, अशी या भागातली श्रद्धा. पावसाळ्यात दरीतला धबधबा वाहायला लागला की माणसांची रीघ लागते. जटायूला मानणाऱ्या या देशात त्याचे वंशज आमच्या डोळ्यांदेखत गेले. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती.

पक्ष्यांत माळढोकाचं नाव घेतल्याशिवाय या मुलखाबद्दल लिहिता येत नाही. त्याच्यासाठी १९७९मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शहरं, शेतं सगळंच आलं. लोकांच्या जमिनीचे व्यवहार अडकले, राग साठला, आणि पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात आज हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तर ती बातमी असते. पण नान्नजचा माळ रिकामा नाही. थंडीत मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून आलेले भोवत्या पक्षी तिथं गवतावरून अगदी खालून तरंगत टोळ पकडतात, आणि रात्री जमिनीवरच, गवतात, एकत्र झोपतात. धाविक नावाचा लालसर, ऐटबाज पक्षी चार पावलं धावून थांबतो, पुन्हा धावतो. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोट बुडवून पिसांत पाणी शोषून घेतो आणि उडत जाऊन पिलांना ते पाजतो.

आता एका छोट्या प्राण्याची गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा आहे. उन्हाळ्यात, पावसाआधी, त्याचा नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, केशरी, असा लखलखीत की एवढ्याशा जिवात एवढा रंग कुठून आला असं व्हावं. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘सराडा सुपर्बा’ म्हणून नोंदवलं. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांखालचे आणि त्यांच्यापासून लांबचे सरडे तपासले. २०१८मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी होते. खाणारे कमी झाले म्हणून सरडे वाढले. पण वाढलेल्या गर्दीत ते रोडावले आणि त्यांच्या पंख्यांचे रंगही फिके झाले. घार, ससाणा आभाळातून गेला आणि दगडावरच्या सरड्याचा केशरी उतरला. देखणेपण हा एकेका प्राण्याचा खासगी दागिना नसतो. खाणारा, खाल्ला जाणारा, गवत आणि मोकळं आभाळ मिळून तो घडवत असतात.

धाराशिव जिल्ह्यातही गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या झपाट्यानं उभ्या राहिल्या आहेत. वीज हवी आहे, ती स्वच्छ हवी आहे, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की ‘माळ मोकळाच पडलाय’ असं धरून जागा निवडू नये. कुठल्या माळावर काळवीट विते, लांडग्याचं बीळ कुठं आहे, भोवत्या कुठं झोपायला उतरतात, हे आधी पाहावं आणि मग खांब रोवावा.

सफारीला म्हणून जायचं तर काय करावं? येडशीचं अभयारण्य १९९७पासून आहे, जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, आणि ते पाहायला वाघच दिसला पाहिजे असं नाही. नान्नज सोलापूरपासून जवळ. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य, बारामतीकडे सुप्याला मयूरेश्वर, जिथं काळवीट नव्हे तर त्याचा लहानखुरा, नाजूक भाऊबंद चिंकारा भेटतो. पुणे वन विभागानं इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, गावातलेच तरुण वाटाडे म्हणून बरोबर येतात. धाराशिवला असं काही का होऊ नये, हा प्रश्न मी वन विभागाला आणि जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींना जाहीरपणे विचारतो. ज्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यावर कळप पोसला जातो त्याच्या घरात त्या कळपामुळे चार पैसे आले, तर राखणीच्या रात्री थोड्या सुसह्य होतील.

बघताना काही पथ्यं. उजाडायच्या आत पोचावं, गाडीतून उतरू नये, कारण कळप गाडीला फारसा बुजत नाही, माणसाला बुजतो. दुसऱ्याच्या पिकात पाऊल टाकू नये. मोटारसायकलवरून कळपामागं लागून मोबाइलवर चित्रण करणं हा प्रकार वाढतो आहे. त्यात गाभण माद्या मरतात. लांडग्याचं किंवा खोकडाचं बीळ सापडलं तर त्याचं ठिकाण कुठंही टाकू नये.

बेंबळीसारख्या गावाला मात्र पाहुण्यांची वाट पाहायचीही गरज नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेलेली आहे. ती बाहेर काढून शाळेतल्या पोरांच्या हाती द्यावी. गुराख्यांना, मेंढपाळांना, राखणीला जाणाऱ्यांना विचारून त्यांनी लिहावं: कळप कुठल्या माळावर, किती काळे नर, पाडसं कोणत्या महिन्यात, खोकडाची बिळं कुठल्या गटात. आणि त्याच वहीत शिवारातल्या बिनकठड्याच्या विहिरींची यादीही करावी. रात्री बुजलेला कळप पळत सुटतो तेव्हा त्याला विहीर दिसत नाही, आणि विहिरीत पडलेल्या हरणांच्या बातम्या दर वर्षी येतात. एकेका विहिरीला कमरेइतका कठडा बांधायला फार मोठा निधी लागत नाही, आणि त्यानं माणसांची लेकरंही वाचतात.